मणेरकाकांचं काउंटर

आमच्या गोडाउनमधल्या प्रत्येक वस्तूला कोड नंबर आहे. बेअरिंगला आहे, ग्रीसच्या डब्याला आहे, हातमोज्यांनाही आहे. किश्श्यांना मात्र कोणी कोड दिला नाही, त्यामुळे ते खपत नाहीत आणि साठत जातात. त्यातले निम्मे एकट्या मणेरकाकांचे आहेत.

कंपनी परदेशी. कारखान्यांतली मशीनं चालू ठेवायला जे काही लागतं ते पुरवणं हा आमचा धंदा. कंपनीने हडपसरचं एक जुनं दुकान विकत घेतलं, तेव्हा मांडण्या, वजनकाटा आणि काउंटरवरचे रशीद मणेर हे सगळं एकत्रच आलं. मी फोनवर ऑर्डरी घ्यायचे. माझं सासर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे तिरकस बोलणं मला नवीन नव्हतं. तरी काकांपुढे मी पहिल्याच आठवड्यात हात टेकले.

*

काउंटरची एक रीत होती. गिऱ्हाइकाने तुटलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा, काकांनी तो बोटांनी चाचपायचा आणि मांडणीवरून तसाच नवा काढून द्यायचा.

एकदा बिस्किटांच्या कारखान्यातला मेकॅनिक रिकाम्या हाताने आला. तिकडे मशीन बंद, आणि फाटलेलं ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणारं रबरी कडं, हा टेबलावरच विसरलेला. त्याने दोन्ही हात समोर धरून दाखवलं, "एवढं होतं."

काका म्हणाले, "हात तसेच ठेवा."

आणि खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढून त्याच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजलं! आम्ही हसत होतो, तो बिचारा श्वास रोखून उभा. संध्याकाळी त्याचा फोन आला. सील बरोब्बर बसलं होतं.

*

मग कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यापाठोपाठ राऊतसर आले. अमरावतीचे, तरुण, मॅनेजर म्हणून पहिलीच नेमणूक. कोड टाकल्याशिवाय एक वॉशरही बाहेर जाणार नाही, असा त्यांनी नियम केला.

दुसऱ्याच दिवशी काका त्यांच्या केबिनमध्ये गेले. "कॉम्प्युटर म्हणतो, हा बेल्ट नाही. मांडणी म्हणते, आहे. तुम्ही मोठे आहात, दोघांचं भांडण मिटवा."

राऊतसर हसले, पण त्यांच्या डोक्यावरही टांगती तलवार होती. हेड ऑफिसने दोन वर्षांची मुदत दिली होती. त्यानंतर हडपसरचं काउंटर ठेवायचं, की सगळा माल दूरच्या मोठ्या वेअरहाउसमध्ये हलवायचा, हे ठरणार होतं. माल हलला तर काकांनी घरी बसायचं. निवृत्तीला चार वर्षं होती.

काकांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घरी बसून मी काय चाचपू?"

*

राऊतसरांनी खडकीच्या एका कारखान्यात आमचं पहिलं व्हेंडिंग मशीन बसवलं. कामगाराने कार्ड लावायचं, की खाली हातमोजे नाहीतर ड्रिल बिट पडणार. दुकानात यायची गरजच नाही! सरांना त्याचा फार अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी त्या मशीनचाच आतला बेल्ट तुटला. सरांनी घाईघाईने काउंटरला फोन लावला, काकांनी उचलला.

"काका, एक बेल्ट हवाय."

"मशीनमध्ये कार्ड लावून पाहिलंत का?"

बेल्ट अर्थात तासाभरात पोचला. रिक्षाने, काकांच्या मांडीवरून.

*

दसऱ्याला काका प्रत्येक मांडणीवर झेंडूचं एकेक फूल ठेवत. जुन्या मालकांपासूनची पद्धत, ती त्यांनी कधी मोडली नाही. त्या वर्षी नेमके दुसऱ्या दिवशी परदेशी ऑडिटर आले. त्यांच्या अहवालात आलं, सर्व मांडण्यांवर कोड नसलेला नाशवंत माल आढळला.

राऊतसरांचा चेहरा उतरला. काकांनी मला बोलावलं आणि कॉम्प्युटरमध्ये काय भरायचं ते सांगितलं. पुढच्या दसऱ्याला झेंडूला रीतसर कोड होता, टिकण्याची मुदत दोन दिवस!

*

शेवटी हेड ऑफिसमधून, निर्णय ज्यांच्या हातात होता ते थॉमससाहेब स्वतः आले. उंच, गंभीर, कमी बोलणारे. दिवसभर काउंटरजवळ खुर्ची टाकून बसले. राऊतसरांनी त्यांना आकडे दाखवले, आणि मग न राहवून त्या बिस्किटवाल्या मेकॅनिकची हकिगत सांगितली. मला वाटलं, आता हसतील. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विमानतळाकडे निघून गेले.

महिन्याभराने निर्णय सांगायला व्हिडिओ कॉल ठरला. आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, मात्र बसले दाराजवळ.

पडद्यावर थॉमससाहेब दिसले. नमस्कार झाला. मग ते म्हणाले, आणि राऊतसरांनी ते मराठीत सांगितलं, "हडपसरच्या काउंटरसाठी माझी एक ऑर्डर आहे."

साहेबांनी दोन्ही हात वर घेतले, तळवे समोरासमोर धरले आणि तसेच धरून ठेवले.

काका उठले, खिशातून व्हर्नियर काढला आणि टीव्हीजवळ गेले.

"राऊतसाहेब, त्यांना सांगा, हात तसेच ठेवा."