उभे नाना

धुळ्याच्या आमच्या कचेरीत नानांना शोधावं लागत नसे. बाकी सगळ्या माना बैठ्या मेजांवर वाकलेल्या, आणि नाना एकटे खिडकीच्या रुंद दगडी कट्ट्यावर कागद ठेवून ताठ उभ्याने लिहीत असलेले. खजिन्याच्या पहारेकऱ्याने तासाचा टोल दिला की ते गादीवर येऊन बसत. पुढच्या टोलाला पुन्हा खिडकी. वाक्य अर्धं राहिलं तरी उठत. आम्ही त्यांना तोंडावरसुद्धा 'उभे नाना' म्हणायचो.

पूर्वी तेही आमच्यासारखेच सकाळी बसले की दिवेलागणीला उठत. एका संध्याकाळी त्यांना उठताच येईना. खाटेवर घालून घरी न्यावं लागलं. वैद्यांनी लेप दिला आणि बजावलं, फार बसू नका, फार उभेही राहू नका. लेप सगळेच लावतात. पथ्य पाळणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. सुरुवातीला विसरायचे, म्हणून आम्हालाच सांगून ठेवलं, "टोल पडला अन् मी हललो नाही, तर खुशाल माझी दौत उचलून खिडकीत ठेवा." हा उद्योग आम्ही फार आवडीने केला.

पुढे नवे मामलेदार रावसाहेब आले. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ते "बसा" म्हणाले, आम्ही बसलो. नाना खिडकीपाशी उभेच. ते दिवस असे, की सरकारी माणूस 'बसा' म्हटल्यावर बसला नाही, तर त्याच्या अंगात असहकार शिरल्याचा संशय यायचा. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. नाना घाबरले की त्यांना दोंडाईचाकडची घरची बोली आठवे. म्हणाले, "साहेब, टोल पडना का बठसू!"

पाठीचं दुखणं कळल्यावर रावसाहेब निवळले, पण पटलं त्यांना कधीच नाही. अव्वल कारकुनाची जागा रिकामी झाली. हक्क नानांचाच होता. रावसाहेब म्हणाले, "जागा तुमचीच. पण अव्वल कारकुनाने गादीवर बसलेलं दिसलं पाहिजे. येणारी-जाणारी माणसं काय म्हणतील?"

नानांच्या घरी विधवा बहीण आणि तिची मुलं होती. या बढतीकडे सगळं घर डोळे लावून होतं. नानांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी दप्तरखाना मागून घेतला. तिथे फडताळातून जुने कागद बांधलेले रुमाल काढायचे, उभ्याने चाळायचे, बसून नोंदवायचे. लोकांनी वेड्यात काढलं. नाना म्हणाले, "गादीवर दुसरा कुणीही बसेल. माझ्या पाठीवर घर उभं आहे."

ती गादी मला मिळाली. मी तिच्यावर वर्षानुवर्षं ऐटीत बसलो, आणि सेवेच्या शेवटी अंथरुणाला खिळलो. डॉक्टर झाले, वैद्य झाले. मी आशा सोडली होती.

एका दुपारी देवपुराहून पांझरा नदी ओलांडून नाना पायी आले. सत्तरी उलटलेली, पाठ तशीच सरळ. माझी विचारपूस नाही की हळहळ नाही. माझ्या दोन्ही काखांत हात घालून म्हणाले, "ऊठ भाऊ. घाबरू नको, मी धरेल शे."

मी ओरडलो, त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी सोडलं नाही. भिंतीला टेकवून उभं केलं, मग बसवलं, मग पुन्हा उभं केलं. दिवे लागेपर्यंत हेच चाललं. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. सबंध उन्हाळा येत राहिले.

पावसाळ्यात नाना गेले. त्यांना खांदा द्यायला मी माझ्या पायांनी गेलो.