शंभर टक्के हजेरी

तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगतो. पण एक अट आहे, हसायचं ते शेवटी एकदाच हसा. मधेमधे हसलात की माझा चेहरा पडतो आणि गोष्ट पुढे सरकत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बदलापुरात ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग असायचा, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही तिथल्याच मांजर्लीला राहायचो. दादा, म्हणजे माझे वडील, मूळचे जुन्नरकडचे, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला. बारावीपर्यंत मी घराजवळच्याच शाळेत काढली आणि पास झाल्यावर उल्हासनगरच्या कॉलेजात एफवायबीएला नाव घातलं. पास झाल्याचं आईला कौतुक वाटलं आणि दादांना आश्चर्य.

दादांनी त्याच दिवशी मला समोर बसवलं.

"हे बघ दिन्या, शिकतो म्हणतोस तर शिक. पर कॉलेज बुडवलंस अशी एक जरी तक्रार घरी आली, तर आनंदनगर एमआयडीसीतल्या कंत्राटदाराशी बोलून ठेवलंय म्या. दुसऱ्या दिवशी हेल्पर म्हणून हुभा करीन."

दादा बोलले म्हणजे करणार. त्यांनी शेजारच्या बंड्याला असाच हुभा केला होता, आणि तो तर त्यांचा मुलगाही नव्हता.

आता कॉलेज म्हटलं की कपडे आले. दादांना कंपनीकडून दरवर्षी युनिफॉर्मचं कापड मिळायचं. राखाडी-निळं टेरीकॉट, शर्टला आणि पँटीला एकच. दादा एका जोडावर दोन-दोन वर्षं काढायचे आणि उरलेलं कापड ट्रंकेत जायचं. तुम्ही एमआयडीसीवाल्या घरातले असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या कापडाचे पोरांचे शर्ट व्हायचे, उशांचे अभ्रे व्हायचे, शिलाई मशीनचं झाकण व्हायचं. आमच्या आळीत कुणाचा बाप कुठल्या कंपनीत हे पोराच्या चड्डीवरून कळायचं.

तर त्यातलं नवंकोरं कापड आईनं बाहेर काढलं. शिंप्यानं विचारलं, "कशासाठी?" मी छाती काढून म्हटलं, "कॉलेजसाठी." त्यानंही मग हात राखला नाही. शर्टाला दोन खिसे शिवले आणि खांद्यावर पट्ट्या लावल्या, वर त्याची शिलाईही घेतली नाही.

उल्हासनगरच्या ज्या दुकानातून कंपनीला ते कापड जायचं, त्याच दुकानातून, त्याच ताग्यातलं कापड आमच्या कॉलेजलाही जायचं. शिपायांच्या गणवेशासाठी. मला हे तीन आठवड्यांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमची माझ्यासारखी फरफट नको.

पहिल्या दिवशी लेक्चर साडेसातला होतं, मी पावणेसातला हजर. कॉलेज एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. तीन मजले, लांबच लांब व्हरांडे, आणि ऑफिसच्या दाराशी टांगलेली पितळेची ही एवढी घंटा. मी तिच्याकडे बघतच उभा राहिलो.

बघत का राहिलो, तेही सांगतो. आमच्या शाळेत घंटा वाजवायचा मान हुशार मुलाला असायचा. सरांना पाणी देणं, खडूची पेटी नेणं, वर्गावर्गांत नोटीस फिरवणं, ही सगळी लाडक्या मुलांची कामं. मी बारा वर्षं त्या घंटेकडे डोळे लावून बसलो होतो. पण सातवीपर्यंत पाटलांचा मुलगा वाजवायचा आणि त्यानंतर त्याचा धाकटा भाऊ.

तेवढ्यात हेडक्लार्क रामनानी साहेब आले. गोल चेहरा, पांढरा सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"आ गया? अच्छा हुआ बेटा, टाइम पे आया. नाव काय?"

"दिनकर."

"चल दिनकर, साडेसात वाजले की घंटी मार. फिर ये मस्टर चौदा नंबर में दे के आ."

मला काय वाटलं असेल याचा तुम्हीच विचार करा. कॉलेजचा पहिला दिवस, पहिली दहा मिनिटं, आणि घंटा माझ्या हातात. दोन-अडीच हजार मुलांतून ह्या माणसानं मला निवडलं. मी टोल असे दिले की समोरच्या दुकानातले सिंधी काका बाहेर येऊन बघायला लागले.

साहेब म्हणाले, "आराम से बेटा. आग नाही लागली."

मग त्यांनी एक रजिस्टर पुढे सरकवलं. "इथं रोज सही करायची. येताना, जाताना."

तेव्हा तर मी हरखूनच गेलो. शाळेत आम्ही "हजर बाई" म्हणून ओरडायचो. इथं सही! मोठी माणसं झालो म्हणायचं आपण. मी बारावीच्या सुट्टीत खास लपेटदार सही बसवली होती, इतकी की तिच्यात माझं नाव मलाच सापडायचं नाही. ती ठोकून दिली.

मग लेक्चर? तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं असं झालं, माझा मामेभाऊ कल्याणच्या कॉलेजात शिकायचा. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "कॉलेजात वर्गात बसायची सक्ती नसते रे. जी पोरं कॉलेजच्या कामात पुढे असतात त्यांचंच नाव होतं." त्यातून साहेबांनी मला ऑफिसबाहेर स्टूल दिलं होतं. वर्गातल्या पोरांना बाकावर चौघं-चौघं कोंबलेलं असताना मला एकट्याला स्वतंत्र स्टूल. मी कशाला उठतोय?

जुने शिपाई गुडघ्यावरच्या इलाजासाठी गावी गेलेले, दुसरे रिटायर झालेले, आणि ट्रस्टी नवीन माणूस पाठवणार म्हणून साहेब महिनाभर वाट बघत होते, हे मला काय ठाऊक?

पुढचे तीन आठवडे मी हवेत होतो. फळा पुसला, मडकी भरली, स्टाफरूममध्ये चहा नेला. प्रोफेसर लोक मला नावानं ओळखायला लागले. "दिनकर, डस्टर." "दिनकर, पंखा." बाकीच्या पोरांची नावं त्यांना माहीतसुद्धा नव्हती. आणि एके दिवशी, आता खोटं कशाला सांगू, एफवायच्याच एका मुलीनं मला हाक मारली, "अहो, जरा ती खिडकी उघडता का?"

अहो. आमच्या शाळेतल्या मुलींनी मला "ए" च्या पुढे कधी जाऊ दिलं नव्हतं. मी ती खिडकी उघडली, तिच्या शेजारची उघडली, आणि त्या मजल्यावरच्या जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्या उघडल्या. त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला.

घरी मी रोज सांगायचो. "दादा, आज मी प्रिन्सिपॉल मॅडमच्या केबिनमध्ये गेलो होतो." आई शेजारपाजारी सांगायची, "आमच्या दिनूशिवाय कॉलेजचं पान हलत नाही." यात खोटं काहीच नव्हतं. मी घंटा दिल्याशिवाय खरंच कुणी हलत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी एक टाइप केलेला कागद दिला. सतत गैरहजर राहणाऱ्यांची यादी, नुसते रोल नंबर. बोर्डावर लावायची होती. माझा रोल नंबर मला माहीत नव्हता, कारण तो वर्गात सांगितला होता. मी चार टाचण्यांनी यादी नीट ठोकली. पोरं गोळा झाली, तेव्हा मला राहवलं नाही.

"आईबाप पोटाला चिमटा काढून शिकवतात तुम्हाला," मी म्हटलं, "आणि तुम्हाला वर्गात बसायला काय होतं रे?"

एक-दोघांनी माना खाली घातल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. हातात पाच बंद पाकिटं होती.

"तू बदलापूर से आता है ना? ये पाँच उधरचेच आहेत. पोस्टात कशाला टाकायचे? हाथोहाथ दे दे."

चार पाकिटांवर अनोळखी नावं होती. पाचव्यावर दादांचं नाव, आमचा पत्ता, आणि कोपऱ्यात कॉलेजचा शिक्का. मी साहेबांकडे पाहिलं, ते दुसऱ्या कामाला लागले होते. मला वाटलं, झालं, माझ्या कामाची दखल वरपर्यंत गेली. बदलापूरच्या पाच गुणी मुलांत माझा नंबर लागला, आणि साहेबांनी मुद्दाम काही न बोलता ते माझ्याच हातात ठेवलं.

चारही घरी मी पाकिटं स्वतः दिली. "अभिनंदन बरं का," असं प्रत्येक ठिकाणी म्हटलं. एका घरातून निघालो तेव्हा मागे कुणाच्या तरी पाठीत धपाटा बसल्याचा आवाज आला. मी म्हटलं, कौतुकाचा असेल.

घरी जाताना पेढे घेतले. दादा नुकतेच फर्स्ट शिफ्ट करून आले होते, चहा चालला होता. मी आईला म्हटलं, "शेजारच्यांना बोलव." दहा मिनिटांत खोली भरली. बंड्या हेल्परही आला. पेढे वाटून झाले, मी मधोमध उभा राहिलो आणि पाकीट फोडलं. पत्र इंग्रजीत होतं.

"मोठ्यानं वाच," दादा म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू होतं.

मी वाचलं, "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू." मग मराठीत सांगितलं, "म्हणजे, आपल्याला कळवायला आम्हाला फार आनंद होतो."

आईनं पदर डोळ्याला लावला.

"दॅट युवर सन, दिनकर, हॅज रिमेन्ड ॲबसेंट…"

इथं माझा आवाज आपोआप खाली गेला. पण उशीर झाला होता. कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला इंग्रजीतले दोन शब्द पक्के येतात, ओव्हरटाइम आणि ॲबसेंट.

"काय म्हनलास?" दादांनी कप खाली ठेवला.

"ॲबसेंट," बंड्यानं मदत केली. त्याच्या तोंडात माझाच पेढा होता.

"कदीपास्नं?"

मी पत्र दोनदा वाचलं. "पहिल्या दिवसापासून."

"आरं मग रोज सकाळी डबा घिऊन तू जातोस तरी कुठं?"

मी शपथा घेतल्या, घंटेचं सांगितलं, सहीचं सांगितलं. जितकं सांगू लागलो तितकं ते जास्त खोटं वाटू लागलं, माझं मलासुद्धा. दादा एवढंच म्हणाले, "सोमवारी कॉलेजात जाऊ. तिथनं सरळ आनंदनगर."

सोमवारी दादांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून ते सकाळीच कंपनीचा युनिफॉर्म घालून निघाले. मी माझ्या कॉलेजच्या कपड्यांत. आम्ही दोघं ऑफिसच्या दारात उभे राहिलो. मी हेल्परचा डबा कसा असतो याचा विचार करत होतो. रामनानी साहेबांनी मान वर केली, एकदा मला पाहिलं, एकदा दादांना पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"मैंने एक आदमी माँगा था. ट्रस्टीनं दोन पाठवले?"

आणि दादा काही बोलायच्या आत त्यांच्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. "काका, ये स्टाफरूम में." दादा वीस वर्षांच्या सवयीनं चार पावलं चाललेसुद्धा. मग थांबले.

"साहेब, मी शिपाई न्हाई. मी ह्याचा बाप हाये."

"तो क्या हुआ? लडका अच्छा है. कामाला एकदम चोख."

"कामाला न्हाई हो, त्याला शिकाया घातलाय हितं. एफवायला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाकडे पाहिलं, दादांच्या शर्टाकडे पाहिलं, खुंटीवर टांगलेल्या जुन्या शिपायाच्या शर्टाकडे पाहिलं. मीही त्याच क्रमानं पाहिलं. तीन आठवडे जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या तीन शर्टांनी शिरवलं. साहेब हळूच खुर्चीत बसले आणि ट्रेमधला एक ग्लास स्वतःच प्यायले.

साहेब आम्हाला प्रिन्सिपॉल मॅडमकडे घेऊन गेले. दादाच बोलले. मॅडम म्हणाल्या, "पण हजेरीपटावर तर रोज ए लागलाय. हजेरीपट काय खोटं बोलतो?"

"बाई," मी म्हटलं, "तो हजेरीपट रोज मीच वर्गात नेऊन देत होतो."

मॅडमनी चष्मा काढला. साहेबांनी दुसरं रजिस्टर पुढे केलं, शिपायांच्या हजेरीचं. त्यांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर माझी लपेटदार सही, येताना आणि जाताना, एकही दिवस चुकलेला नाही, एकही लेटमार्क नाही.

"म्हणजे तीन आठवडे हे कॉलेज तू चालवलंस," मॅडम म्हणाल्या, "आणि आम्ही तुलाच गैरहजर धरलं." त्यांना हसू आवरत नव्हतं, पण पेन हातात घेतलं. शिपायाच्या मस्टरवरची हजेरी विद्यार्थ्याच्या नावावर चढवण्याचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे लिहिला. वर मला अट घातली, उद्यापासून दुसऱ्या रंगाचा शर्ट.

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "वीस वर्षांत एकबी लेटमार्क न्हाई आसं मस्टर मला बी जमलं न्हाई." आणि आनंदनगरची रिक्षा न धरता त्यांनी मला चेक्सचं शर्टपीस घेऊन दिलं.

मी वर्गात बसायला लागलो. बाकावर चौथा. घंटा आता दुसराच कुणी वाजवायचा, तीही बेताल. प्रोफेसरांना माझं नाव आठवेनासं झालं. त्या मुलीनं एकदा "ए, सरक ना," म्हटलं. खरं सांगू, विद्यार्थी असण्यात शिपायाच्या निम्मीही मजा नव्हती.

दिवाळीनंतर बोर्डावर पुन्हा यादी लागली आणि तिच्यात पुन्हा माझा रोल नंबर होता. फरक एवढाच की या खेपेला यादी लावणारा शिपाई वेगळा होता, आणि मी खरोखरच गैरहजर होतो.