पहिल्या आवृत्तीची गती

पियानोच्या बाईंपुढे स्वरलिपीचं कुठलंही पुस्तक ठेवा, त्यांचं बोट आधी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यावर जायचं. गती आणि ठोके तिथे छापलेले असतात. मग त्याच रचनेची दुसरी प्रत शेजारी मांडून त्या म्हणायच्या, "छापलंय म्हणून खरं मानायचं नसतं हो." तुमच्याही सोसायटीत असं एखादं हट्टी माणूस असेलच.

बिबवेवाडीत आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतून कुणी ना कुणी सतत जर्मनीला जायचं. बाकीचे चॉकलेटं आणायचे; माझ्या मित्रांच्या गळ्यात बाईंसाठी तिथल्या ग्रंथालयांतून जुन्या आवृत्त्यांच्या झेरॉक्स आणायचं काम पडायचं. कुरकुरत का होईना, आणायचे बिचारे.

पुढे बाईंचं वाजवणं संथ होत गेलं. त्यांची एक आवडती रचना तर इतकी रेंगाळायची, की खालून एक ओळ पुरी होईपर्यंत माझा चहा गाळून व्हायचा. शिकायला येणारी मुलं एकेक करून गळली. बाई ठाम होत्या. त्यांच्या प्रतीत कोपऱ्यात साधं सी अक्षर होतं, म्हणजे चार ठोके. नव्या प्रतींत त्या सीवर उभी रेघ होती, म्हणजे दोनच ठोके आणि चाल जवळजवळ दुप्पट. ती रेघ मागाहून कुणीतरी घुसडली, पहिली आवृत्ती मिळू दे, दाखवतेच, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांच्या यजमानांनी मला जिन्यात गाठलं. डॉक्टरांनी निदान केलं होतं; बाईंची बोटं अशीच मंदावत जाणार होती. बाई ते मानायलाच तयार नव्हत्या.

"ती आवृत्ती नाही सापडली तर बरं होईल," काका म्हणाले.

ती सापडली; मित्रानं आणलेलं पाकीट मीच खाली नेऊन दिलं. बाईंनी पाकीट फोडून कागद खिडकीशी धरला. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्या; दोन्हींच्या सुरुवातीच्या सीवर बारीक उभी रेघ होती.

"झेरॉक्सचा डाग असेल गं," काका म्हणाले.

"डाग दोन्ही हातांच्या ओळींवर सारखाच पडतो का हो?"

बाई पियानोशी बसल्या आणि त्या गतीत सुरुवात केली. डावा हात लगेच मागे पडला. पुन्हा केली, पुन्हा तेच. मग डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्यानं, अगदी बरोबर गतीत, ती ओळ पुरी केली. काका स्वयंपाकघरात निघून गेले.

उजवा हात त्यापुढच्या दिवाळीपर्यंत चालला.