शिजवलेले बेणे

हळद शिजताना ओला, कडवट, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा वास सुटतो. कुरुंद्याला माझ्या माहेरी तो फाल्गुनात गल्लीभर दाटलेला असतो. त्या वर्षी तो वैशाख लागताना आला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर हिंगोलीला माझ्याकडे राहिलेल्या आईला मी घरी सोडायला निघाले होते. काळ्या चष्म्याआडून ती रिक्षातच सावध झाली.

"आत्ता कोण शिजवून राहिलं गं? समद्यांचं तर उरकलं."

आमच्याच अंगणात भाड्याचा बॉयलर धुसफुसत होता. लिंबाखाली पाल्याने झाकून ठेवलेला बेण्याचा ढीग जागेवर नव्हता. लागवडीसाठी राखलेले ते गड्डे आईला तिच्या सासूकडून मिळालेले. त्यांचीच पिढी पुढे उगवत आलेली. घरात पैशांची कितीही ओढाताण असली तरी बेण्याला कुणी हात लावत नसे.

माझ्या धाकट्या भावाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर गॉगल घातलेले निळे घुबड. इंटरनेटवर मालकी विकतात तसले हे चित्र त्याने आदल्या वर्षी घेतले होते. किंमत चढली, गिऱ्हाईक आले, तरी त्याने विकले नाही. आता त्याला दुसरे हवे होते. म्हणून बेणे शिजवून बाजारात न्यायचे.

"ताई, असं जगात एकच हाय. दिवाळीला दहापट व्हते. मंग बेणं ट्रकभर आणू."

"माझ्या फोनात बी दिसंल की हे," आई म्हणाली.

"दिसंल. पण मालक मी हाय."

"मंग दाणे बी तूच टाक त्याला."

तिने वाफाळत्या राशीतून एक गड्डा उचलून चिमटीत दाबला. तो मऊ पडला होता. आता त्याला कधीच कोंब येणार नव्हता. पिवळी झालेली बोटे ती कितीतरी वेळ तशीच धरून होती.

हळद वाळली, विकली गेली, दुसरे घुबड आले. मृगाच्या तोंडावर मी पुन्हा माहेरी आले, तर दोन्ही घुबडांना कुणी विचारीना. धाकटा ओट्यावर बसून पडदा अंगठ्याने खाली ओढत राही. किमतीचा आकडा घसरे, तो पुन्हा ओढी. शेजारच्या रानांत ओल्या सऱ्यांत बेणे पडत होते. आमचे काळे वावर उघडे, वाट पाहत असल्यासारखे.

"आई, सोयाबीन तरी पेरायचं का गं?" मी विचारले.

तिने नवा डोळा मिटून घेतला.

"पडीकच राहू दे."