आतली कडी

आजोबांच्या आजारपणाचं तुम्हाला फोनवर तुकड्यातुकड्यांनीच कळलं. तुम्ही लहान होता, आणि मोठ्यांनी तुमच्यासमोर आवाज खाली आणला असणार. म्हणून आता मी, तुमची आजी, क्रमाने लिहिते.

सुरुवात झाली ती बसता येईना इथून. अमरावतीच्या कोर्टात आयुष्यभर वकिली केलेला माणूस, निवृत्तीनंतरही सल्ल्यासाठी लोक घरी येत. आजोबा त्यांच्याशी उभ्याने बोलू लागले. मग जेवणाचं ताटही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच जेवू लागले. कंबरदुखी समजून शेक झाले, मलमं झाली. शेवटी तपासणीत निघालं की माकडहाडाच्या वरच्या हाडात गाठ आहे. कर्करोगाचीच, पण सावकाश वाढणारी.

सर्जन सज्जन होते. गाठ काढता येईल, म्हणाले, पण लघवी-शौचाचा ताबा ज्यांच्यावर असतो त्या नसा तिला लागूनच आहेत, त्यातल्या काही बहुधा जातील. आम्ही घरी आलो. दारात चपला काढता काढता आजोबा म्हणाले, "मले संडासची कडी आतून लावता आली पाह्यजे. बाकी काई मागत नाही मी."

मी त्यांची समजूत घातली नाही. मागणं अगदी बरोबर होतं.

ऑपरेशनऐवजी दुसरा उपाय आहे का, याची तुमच्या बाबांनी तिकडून चौकशी केली. किरणोपचारातले नेहमीचे किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेतल्या सगळ्यांनाच थोडंथोडं भाजतात. ही गाठ चिवट, तिला मात्रा मोठी लागते, आणि शेजारच्या नसांना तेवढी सोसत नाही. कार्बनच्या कणांचं तसं नसतं. प्रचंड वेगाने सोडलेले हे कण वाटेत कमी नुकसान करतात, आणि ठरवलेल्या खोलीवर थांबताना आपला बहुतेक जोर तिथेच टाकतात. आपल्या देशात तेव्हा ही सोय नव्हती. कागदपत्रं जपानला पाठवली, आणि तिथल्या डॉक्टरांनी या म्हणून कळवलं.

निघण्याआधी अकोल्याला, जुन्या शहरात, आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. त्या तर आधीच धास्तावलेल्या.

"थ्या देशात तुले कोनी खायले देइन का रे भाऊ?"

"दवाखाना आहे ताई, जेल नोहे."

"जेलात भाकर तरी भेटते," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन आमच्या बॅगेशी बराच वेळ काहीतरी करत बसल्या. आपल्याकडे परगावी निघालेल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

तिथे गेल्यावर आजोबांच्या अंगाबरहुकूम एक साचा बनवला. रोज त्यात निजायचं, पट्टे आवळायचे आणि हलायचं नाही. खाण्याचीही शिस्त होती. पोटात वारा धरेल असं काही नको, म्हणजे डाळी नकोत, हरभरा नको, कोबी नको. मी मऊ भात आणि उकडलेला भोपळा करी.

"मले तान्हं पोर समजून राह्यली का तू?" आजोबा विचारत, आणि तरी तेवढंच खात. निदान मला तसं वाटत होतं.

एका सकाळी त्यांना साच्यात निजवलं आणि थोड्याच वेळात बाहेर आणलं. यंत्रावरच्या तंत्रज्ञाने मला पडद्यावरचं चित्र दाखवलं. आतड्यात वाऱ्याचा एक काळा फुगा दिसत होता. तो अदबीने इंग्रजीत विचारू लागला, मी मराठीत सांगू लागले.

"काल काय खाल्लं?"

"भात अन् भोपळा."

"आणखी?"

"पानी."

पक्षकारांना आजोबा जन्मभर हेच शिकवत आले, विचारलं तेवढंच सांगायचं. मी पुण्याकडची, वऱ्हाडी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"खरं सांगून टाका, वकीलसाहेब. लपवून काहून राह्यले?"

त्यांनी स्वेटरच्या खिशातून मूठभर फुटाणे काढून तंत्रज्ञाच्या तळहातावर ठेवले. ताईंनी बॅगेतल्या स्वेटरांत पुडा दडवला होता, आणि मी न्हायला गेले की आजोबा ते खात होते. तंत्रज्ञाने एक दाणा उजेडात धरून पाहिला. तो हसला नाही. म्हणाला, वाटेत हवा आली तर कणांना अडवायला काही उरत नाही, ते ठरल्यापेक्षा पुढे जातात.

हे मी जसंच्या तसं सांगितलं, आणि वर माझं एक वाक्य जोडलं, "नेम चुकला तर त्या कडीचं काही खरं नाही."

आजोबांनी दुसरा खिसाही रिकामा केला. मग त्यांना व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावलं. दुपारी पुन्हा चित्र घेतलं, फुगा गेला होता, आणि त्या दिवसाचा उपचार पार पडला. पुढे ते भोपळ्याबद्दल कधी बोलले नाहीत.

परत आल्यावर त्यांच्या डाव्या पायाचा तळवा बधिर राहिला, तो अजून तसाच आहे. गाठ थोडी आकसली आहे. गेली, असं डॉक्टर म्हणत नाहीत. शांत आहे म्हणतात. तपासण्या चालू राहतील.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. आजोबा उशी घेऊन जेवायला बसले, सगळ्यांबरोबर. जेवणानंतर ताई संध्याकाळची भाजी निवडायला बसल्या. फुटाण्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "मले काय मालूम? म्या तं पोटाले आधार म्हनून देल्ले." आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

थोड्या वेळाने आजोबा उठले, भिंतीला हात लावत मागच्या अंगणातल्या संडासाकडे गेले. आम्ही दोघींनी तिकडे कान दिले. दार लागलं, मग कडी सरकली.

"लावली," ताई म्हणाल्या, आणि निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवली.