दारातले नऊ नंबरचे बूट

मी संशयी स्वभावाचा माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत याबद्दल बरेच गैरसमज आहेत. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली एकोणीस वर्षं दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात काढली. कॉपी पकडणं हे माझं काम होतं, स्वभाव नव्हे! आता निवृत्तीनंतरही दूधवाला नमस्कार करायला लागला की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो, तो भाग वेगळा.

आमची एकुलती एक मुलगी मुक्ता पुण्याला बिझनेसचं शिकते. मागच्या वर्षी एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, माझं एक्स्चेंजला सिलेक्शन झालं! एक सेमिस्टर पोर्तुगालला!"

"फी किती?"

"इथलीच. वेगळी काही नाही."

"मग ते लोक तुला फुकट का शिकवतायत?"

"त्यांची एक मुलगी आमच्या कॉलेजात येणार ना!"

म्हणजे आमची मुलगी त्यांच्याकडे, त्यांची आमच्याकडे, आणि कोणाचंच काही नुकसान नाही. इतकं सरळ जगात काही नसतं! त्यातून पोर्तुगीज. हे लोक मागे एकदा आमच्या किनाऱ्यावर आले होते, तेही व्यापारासाठीच. चावी, पगार, बटाटा असे शब्द आम्हाला देऊन गेले हे खरं, पण आले तेव्हा किती वर्षं राहणार हे कुठे सांगितलं होतं?

"अहो, जाऊ दे तिला," आमची नलू म्हणाली. "पोरगी हुशार आहे."

"हुशार पोरंच कॉपी करतात. बाकीच्यांना कुठलं पान फाडून आणायचं तेवढंही कळत नाही."

शेवटी मी एका अटीवर परवानगी दिली. तिकडे जरासं जरी संशयास्पद दिसलं, तर सेमिस्टर अर्धवट टाकून परत यायचं. मुक्ता लगेच "हो बाबा" म्हणाली. इतकी लगेच, की तिथेच मला पहिला संशय आला.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. पाच सप्टेंबरला, शिक्षक दिनी, माझ्या जुन्या शाळेने मला सत्काराला बोलावलं. मी सदरा घातला, केस विंचरले, आणि बघतो तर माझे बूट गायब!

हे बूट साधे नव्हेत. काळे, नऊ नंबरचे, रबरी तळव्याचे. पथकात जाताना मी नेहमी तेच घालायचो, कारण पावलांचा आवाज होत नसे. पोराच्या बाकाशेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्याला पत्ता लागायचा नाही. एकदा पेपरच्या दिवशी सकाळी उजव्या बुटाची लेस तुटली, तेव्हा जेटीवरच्या खलाशाकडून जाळ्याची हिरवी नायलॉनची दोरी मागून घेतली आणि ओवली. ती तिथेच राहिली. (नलूने दहा वेळा सांगितलं, नवीन लेस आणा. पण चांगली दोरी टाकायची कशाला?)

"नलू, माझे बूट?"

"बुरशी आली होती त्यांना. पुसून पडवीत वाळत ठेवले होते," ती खाली मान घालून बांगडे साफ करत म्हणाली. "असतील इकडेच कुठेतरी."

पडवीत! आमच्या पडवीला लागून दळव्यांची पडवी, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. दळवी एसटी डेपोतून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी आम्ही दोघे जेटीपर्यंत फिरायला जायचो. आणि याच दळव्यांनी श्रावणात भिंतीवरून वाकून म्हटलं होतं, "सर, बूट बाकी झकास आहेत हां तुमचे!" त्यांच्या पायाचा नंबर? नऊ!

सत्कार मी चपला घालून घेतला. आणि दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू केला.

"काय शोधताय वो सर?" दळव्यांनी विचारलं. मी त्यांच्या चपलांच्या स्टँडसमोर उकिडवा बसलो होतो.

"मांजर."

"स्टँडात?"

"लहान आहे."

त्या दिवसापासून दळवी आपले बूट रोज घरात नेऊन ठेवायला लागले. आता मला सांगा, मनात काही नसलेला माणूस असं करेल? मी जेटीवर चारचौघांत एवढंच म्हणालो की, हल्ली आपले बूट बघायचे असतील तर शेजाऱ्यांच्या पायाकडे बघावं लागतं. आमचं फिरणं मात्र बंद झालं.

हे चालू असतानाच खरं संकट आलं. मुक्ता रोज आमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा तिकडे दुपार असायची. दोन मुलींबरोबर ती एका घरात राहत होती. नलू बिचारी तिचा चेहरा बघायची, वाळलीस का, जेवलीस का विचारायची. मी चेहऱ्याकडे बघत नाही. कॉपीवाल्याचा चेहरा नेहमीच निष्पाप असतो, बाकाखाली बघायचं असतं! तर मुक्ता फोन घेऊन स्वयंपाकघरात जात असताना मला एक क्षणभर तिच्या घराचं दार दिसलं. आणि दाराशी बूट. काळे. पुरुषाचे.

मी नलूला काही बोललो नाही. भरारी पथक आधी सांगून जात नाही. कपाटातली जुनी वही काढली आणि लिहिलं: 'दाराशी पुरुषी बूट, एक जोड. टाचा आपल्याकडे.'

दोन दिवसांनी पुन्हा दार दिसलं, तेही ओझरतंच. बूट तिथेच होते, पण आता टाचा भिंतीकडे! म्हणजे मधल्या काळात ते घालून कोणीतरी बाहेर गेलं होतं आणि परत आलं होतं. आठवड्याने तर कहर झाला. बूट चक्क चकाकत होते. माणूस बुटांना पॉलिश कधी करतो? मुलाखतीला जाताना, नाहीतर लग्नाला! त्यात त्याच दिवशी मुक्ताने आईला विचारलं, "चौघांच्या साराला कोकमं किती टाकू गं?" चौघांच्या! घरात मुली तीन. मी वहीत 'चौथा' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग मी तिला आडून विचारलं, "काय गं, तिकडे बूट कसे मिळतात?"

फोनमध्ये नुसतं छत दिसायला लागलं.

"तु... तुम्हाला हवेत का बाबा? नऊ नंबरचे ना?"

"तुला गं काय माहीत नंबर?"

"असंच! अंदाज! आईकडे द्या फोन!"

आयुष्यात जिने माझ्या पायाकडे कधी पाहिलं नाही, त्या मुलीला पुरुषांच्या बुटांचे नंबर कळायला लागले होते! त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. मी ठरवून टाकलं, अट म्हणजे अट. दिवाळीच्या आत मुलगी परत. सेमिस्टर गेलं तर गेलं. परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे कशी आणायची याची चौकशीही मी गुपचूप करून आलो. फक्त पुरावा पाहिजे होता. पुराव्याशिवाय मी कधी कोणाचा पेपर काढून घेतलेला नाही.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा एक फायदा आहे. जगातल्या कुठल्याही बंदरात उभे राहा, आपला एक माणूस तिथे निघतोच. मला आठवला दाभोळचा अल्ताफ. सोळा वर्षांपूर्वी दाभोळच्या केंद्रावर भूमितीच्या पेपरला मी त्याला पकडला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा बसला, स्वतःच्या डोक्याने पास झाला, जहाजावर खानसामा म्हणून गेला, आणि आता मुक्ताच्याच गावात एका हॉटेलात स्वयंपाक करतो. दर शिक्षक दिनाला मला न चुकता शुभेच्छा पाठवतो. (का पाठवतो, याचा मला आजवर संशयच होता.)

मी फोन लावला.

"सर?" त्याचा आवाज कापला. "शप्पथ सर, मी आता काय केलेलं नाय!"

"घाबरू नकोस. या वेळी कॉपी तू पकडायची आहेस."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. रविवारी न कळवता जायचं. हातात भाजी-बिजी घ्यायची, सरांनी विचारपूस करायला सांगितलंय म्हणायचं, आणि बूट कोणाचे ते शोधायचं. "तू जे सांगशील त्यावर मुलीचं पुढचं शिक्षण अवलंबून आहे," मी म्हणालो. तो म्हणाला, "समजलं सर. नीट बघतो."

रविवारी संध्याकाळी मी पडवीत फोन समोर ठेवून बसलो होतो. माझा फोन एकदा मासळीच्या टोपलीत पडल्यापासून फक्त स्पीकरवरच चालतो. नलू शेजारी तांदूळ निवडत होती. भिंतीपलीकडे दळवी पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून कान आमच्याकडे. फोन वाजला. नलूसमोर बोलायचं नव्हतं, पण आता मला दम निघेना.

"बोल अल्ताफ! बघितलेस?"

"बघितले सर. समोरच उभा हाय मी बुटांच्या. माणूस कळला."

"कोण आहे?"

"माझ्या चांगल्या ओळखीतला हाय. आपल्या रत्नागिरीचाच."

नलूच्या हातातलं सूप थांबलं. "कोण माणूस? कुठले बूट?"

"तू थांब! काय करतो तो, अल्ताफ?"

"काय नाय करत. रिटायर हाय."

"रिटायर?" मी उभाच राहिलो. "वय किती त्याचं?"

"साठीच्या वरचा असंल."

मी पुन्हा बसलो. दळव्यांनी पेपर खाली ठेवला.

"लग्न झालंय?"

"होय तर. बायको हाय. एक मुलगी पण हाय, शिकतेय."

"नालायक माणूस!" मी ओरडलो. "घरात मुक्ताच्या वयाची मुलगी असताना! स्वभावाला तरी कसा आहे?"

"लय कडक, सर. आणि भलता संशयी."

"नाव सांग त्याचं! आत्ताच्या आत्ता नाव सांग!"

फोनमध्ये कोणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज आला. मग अल्ताफ सावकाश बोलायला लागला.

"सर, भूमितीचा पेपर होता. मी मान खाली घालून मांडीवरच्या चिठ्ठीतनं प्रमेय उतरवत होतो. कोण आल्याची चाहूल नाय, काय नाय. आणि एकदम माझ्या डोळ्यांसमोर दोन काळे बूट येऊन थांबले. उजव्याला लेस नव्हती. जाळ्याची हिरवी दोरी होती. मी वर मान करून तुमचं तोंड पण नाय बघितलं सर, तीन मिनिटं त्या दोरीकडंच बघत बसलो. ती दोरी मी मरेपर्यंत विसरायचा नाय. ती आता माझ्यासमोर हाय."

मी नलूकडे बघितलं. ती तांदळात खडे शोधत होती. तांदूळ कधीच निवडून झाले होते.

"मीच दिले तिला," ती म्हणाली. "परक्या गावात तीन मुली एकट्या राहणार. दाराशी पुरुषाचे बूट असले की येणारा दोनदा विचार करतो. रोज तोंड फिरवून ठेव, महिन्यातून एकदा पॉलिश कर, म्हणजे वापरातले वाटतात, असं मीच सांगितलं होतं. तुम्हाला मागितले असते तर दिले असतेत का? मग तुम्ही चोरी झाली म्हणून गावभर केलंत. नंतर सांगितलं असतं, तर दळवीभावजींना काय तोंड दाखवणार होतात?"

"आणि साराला जेवणारा तो चौथा?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"घरमालकीण आजी," फोनमधून मुक्ता बोलली. तिने अल्ताफकडून फोन घेतला होता. आधी ती हसली, खूप हसली, आणि मग एकदम थांबली. "बाबा, तुम्ही मला सरळ विचारलं का नाही?"

एकोणीस वर्षांत मी शेकडो पोरांना उत्तरं द्यायला लावली असतील. आज बाकावर मी होतो. मला मनापासून लाज वाटली. मुलगी इतक्या लांब जाऊन माझे बूट दाराशी राखणीला ठेवून होती, आणि मी इथे त्याच बुटांवर पाळत ठेवून होतो.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "बाहेरून आले आणि ते बूट दिसले की वाटतं, बाबा घरात आहेत." मग हळूच विचारलं, "मी परत येऊ का, अट म्हणून?"

"सेमिस्टर पूर्ण करून ये," मी म्हणालो. आवाज जरा रागावल्यासारखाच निघाला. "बूट दारातच राहू देत. दोरी बदलू नकोस."

फोन ठेवला आणि भिंतीजवळ जाऊन दळव्यांची माफी मागितली. अगदी हात जोडून. दळवी भला माणूस, "जाऊ दे वो सर," म्हणाले आणि फिरायला जायला तयार झाले. मला बरं वाटलं. घातल्या चपलांनी निघायचं म्हणून मी पायरी उतरलो, तर दळवी मागे वळले, पडवीतले आपले दुसरे बूट उचलले, घरात नेऊन ठेवले, कडी लावली, कुलूप घातलं, ते दोनदा ओढून बघितलं आणि मग बाहेर आले.

आजही रोज असंच करतात. मी काही बोलत नाही. पण माणसाने इतकं संशयी असू नये, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.