चेहऱ्यांची यादी

माझ्या ताईच्या नवऱ्याला मी भावोजी म्हणते, कारण मनातलं म्हटलं तर ताईला वाईट वाटेल. भावोजी स्वतःला फोटोग्राफर म्हणवून घेतात, पण वीस वर्षांत त्यांनी काढलेला एक धड फोटो मी पाहिलेला नाही. ते सहली काढतात. शहरातल्या पोट सुटलेल्या हौशी लोकांना त्यांच्या महागड्या कॅमेऱ्यांसकट बसमध्ये भरायचं आणि लांबलांबच्या गावांतल्या जत्रांना न्यायचं, हा त्यांचा धंदा. धंदा म्हटलेलं त्यांना खपत नाही. परंपरेचं दस्तऐवजीकरण म्हणायचं. तो शब्द त्यांना स्वतःला एका दमात म्हणता येत नाही, ते सोडा.

माझा नवरा गेल्यावर ताईनंच मला त्यांच्या ऑफिसात चिकटवलं. सॅनिटरी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या. खाली कमोड मांडलेले, वर आम्ही परंपरा जपतोय. बाहेरच्या खोलीत मी, फोन आणि चहाचा थर्मास. आतल्या खोलीत एक लांबलचक टेबल आणि त्यावर वर्षभराचं वेळापत्रक अंथरलेलं. कुठली जत्रा कधी, सूर्य किती वाजता कुठल्या डोंगरामागे जाणार, मिरवणूक कुठल्या वळणावर आली की उजेड तोंडावर पडणार, सगळं रंगीत पेनांनी. एका गावाला तर त्यांनी पत्र पाठवलं होतं, की मिरवणूक उलट्या बाजूनं काढता येईल का, उन्हाकडे पाठ होतेय. गावानं उत्तर दिलं नाही. "अडाणी लोक," भावोजी म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव होता चेहऱ्यांच्या यादीत. प्रत्येक गावातला एकेक म्हातारा किंवा म्हातारी त्यांनी हेरून ठेवलेली. सुरकुत्या किती, दात किती, मिशी कशी, डाव्या बाजूनं बरा दिसतो की उजव्या. "गिऱ्हाइकाला जत्रा नको असते, मेहुणीबाई," ते मला शिकवायचे, "त्याला चेहरा हवा असतो." सहलीच्या महिनाभर आधी मी यादीतल्या प्रत्येकाच्या घरी फोन लावायचा. माणूस आहे का, आणि आहे तसाच आहे का, एवढं विचारून घ्यायचं. "आजोबा कसे आहेत हो?" असं लाडीगोडीनं विचारायचं, उत्तर ऐकायचं, आणि नावापुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. फुली पडली की भावोजींचं तोंड एवढंसं व्हायचं. गेलेल्या माणसासाठी नव्हे, हे सांगायला नकोच.

एका गावातल्या ढोलवाल्या म्हाताऱ्यानं लेकाच्या आग्रहाखातर कवळी बसवून घेतली. ही बातमी मी दिली तेव्हा भावोजी मटकन खुर्चीत बसले. "कवळी? सहल तोंडावर आली असताना कवळी? अगं, त्या बोळक्यावर माझं आख्खं माहितीपत्रक उभं आहे!" मग मलाच पुन्हा फोन करायला लावला, की फोटोपुरती काढून ठेवता येईल का. म्हाताऱ्यानं मला अशी शिवी हासडली की काय सांगू! इतकी ठसठशीत शिवी मी जन्मात ऐकली नव्हती. भावोजींना मी "नाही म्हणतात" एवढंच कळवलं आणि घरी येऊन पोट धरून हसले. हसण्यावारी नेलं, तिथंच माझं चुकलं.

यादीत सगळ्यात वर होती एक आजी. डोंगरातल्या त्या गावात जत्रेच्या संध्याकाळी पहिला दिवा गावातली सगळ्यात वयस्कर बाई लावते आणि त्याच्यावरून मग घराघरातले दिवे लागतात. सहा वर्षं हा मान त्या आजीकडे होता. तिचा डावा डोळा मोतीबिंदूनं पांढरा झालेला. उजव्यानं थोडंफार दिसायचं. दिव्याच्या उजेडात तो पांढरा डोळा असा काही चमकायचा, की गिऱ्हाइकं एकमेकांना ढकलून पुढे घुसायची. आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तीच.

त्या वर्षी फोन केला तेव्हा तिची सून भलतीच खुशीत होती. जत्रेच्या आधीच्या बुधवारी जवळच्या गावात डोळ्यांचं शिबिर होतं, शहरातले डॉक्टर येणार होते आणि सासूबाईंचा नंबर लागला होता. "बरं झालं हो मॅडम," ती म्हणाली. "हल्ली डोळा फार ठणकतो त्यांचा. डोकं धरून बसून असतात."

मी आत जाऊन सांगितलं. भावोजी ताडकन उठले. "म्हणजे जत्रेला डोळ्यावर हिरवी पट्टी? आणि पुढच्या वर्षी काय, चष्मा? अशा चष्मेवाल्या म्हाताऱ्या बसस्टॉपवर पण बसतात! त्यासाठी कोण येईल चौदा तास प्रवास करून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे. जत्रा झाली की आपल्याच बसनं आणू तिला शहरात. तू सांग नीट, तुझा आवाज गोड आहे."

लोक म्हणतात, पोटासाठी करावं लागतं. कसलं पोट न कसलं काय! मला कोण काढणार होतं? ताई होती ना. मला फक्त कटकट नको होती. मी फोन लावला आणि त्या सुनेला म्हटलं, "अहो, शिबिरातली ऑपरेशनं म्हणजे सगळी घाईगर्दी. आमच्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत शहरात." हे ओळखीच्या डॉक्टरांचं भावोजींनी शिकवलेलं नव्हतं. ते माझं मीच घातलं.

"नक्की ना मॅडम?" तिनं विचारलं.

"अगदी नक्की."

जत्रेच्या दिवशी आमची चौदा गिऱ्हाइकं दुपारपासूनच जागा धरून बसली. एक बिल्डर, एक निवृत्त साहेब, एक दातांचे डॉक्टर, बाकीचे असेच. भावोजींनी गावकऱ्यांना सांगून अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलायला लावल्या, कारण परंपरेत प्लॅस्टिक बसत नाही. दिवस मावळताना आजी सुनेच्या हाताला धरून आली. डोळा लाल भडक, पापणी सुजलेली, पाणी नुसतं गालावरून ओघळत होतं. तिनं वात पेटवली आणि उजेड लागताच तोंड फिरवलं.

"अश्रू!" भावोजी कुजबुजले. "भक्तीचे अश्रू! सोडू नका, सोडू नका!"

चौदा कॅमेरे कडकडले. आजी म्हणत होती, "उजेड नको गं बाई, दुखतंय." सून तिला मागे न्यायला लागली तर भावोजींनी आडवा हात घातला. "दोनच मिनिटं, आजी. जरा वर बघा." दातांचा का होईना, पण डॉक्टर होता तो माणूस, आणि सगळ्यात जवळून त्यानंच फोटो काढला. वीतभर अंतरावरून! एकानंही कॅमेरा खाली करून त्या डोळ्याकडे बघितलं नाही. मी थर्मास घेऊन मागे उभी होते. माझ्याकडे तर कॅमेराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पिशवी भरून, आजीला घेऊन बसच्या दाराशी हजर. मागच्या बाकांवर कॅमेऱ्यांचे ट्रायपॉड आडवे टाकलेले, आणि बिल्डरला पाय पसरायला दोन जागा लागत. भावोजी हात जोडून म्हणाले, "आज जरा अवघड आहे. पुढची जत्रा गाठायचीय, वेळापत्रक कोलमडेल. गुरुवारी गाडी पाठवतो." गुरुवार आला नि गेला. मी आठवण केली नाही.

शुक्रवारी सूनच दोन गाड्या बदलून तिला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू आतल्या आत पिकून फुटला, डोळ्यातला दाब वाढला, नजर गेली. शिबिरात आणलं असतं तर वाचली असती. तिनं हे सगळं मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं आणि फोन ठेवला. मला एक अक्षर वावगं बोलली नाही. बोलायला हवं होतं.

"अरेरे," भावोजी म्हणाले आणि पुढच्या सहलीचा कागद ओढला. दातांच्या डॉक्टरनं काढलेल्या त्या फोटोला कुठलंसं बक्षीस मिळालं. भावोजींनी तो मोठा करून आतल्या खोलीत लावला.

वर्ष फिरलं, पुन्हा यादी निघाली. भावोजी माझ्या टेबलाला टेकून उभे, फोन स्पीकरवर. या वेळी आजीनंच उचलला. "फोटोवाल्या बाई का? मी बरी आहे. पण आता उजव्यावरही पांढरं यायला लागलंय. चूल दिसते, चुलीवरचं दिसत नाही."

भावोजींनी मला अंगठा वर करून दाखवला. काय खुलला होता चेहरा!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजी," मी म्हटलं, "उद्या सकाळी येते मी. फोटोला नाही, तुम्हाला दवाखान्यात न्यायला."

"अगं, पण जत्रा अवघ्या तीन आठवड्यांवर..." भावोजी म्हणाले.

"गप बसा हो!" मी म्हटलं आणि पर्स उचलली.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली तेव्हा एका बाजूला सून होती, दुसऱ्या बाजूला मी. आजीनं डोळ्याची उघडझाप केली, सुनेचा चेहरा चाचपला, "किती वाळलीस गं," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि ही कोण?"

"त्या फोनवाल्या," सून म्हणाली.

आजी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्या एका डोळ्यासमोर मला उभं राहवेना.

"आवाजावरून चांगली वाटली होतीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

सुनेनं औषधांची पिशवी माझ्या हातातून घेतली. खाली मी आणलेली गाडी उभी होती, पण त्या दोघी बसनं गेल्या.